एसटीचा पास काढावा की साधे तिकीट?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या शाळेत येणाऱ्या पालकांचे प्रश्न बदलतात. एरवी शिष्यवृत्तीचा अर्ज नाहीतर आधार कार्डावरच्या नावातली चूक घेऊन येणारे पालक हळूच विचारतात, "एसटीचा तो चार दिवसांचा पास परवडतो का हो?" मागे एकदा धुळ्याच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या एका वडिलांनी हाच प्रश्न विचारला आणि आम्हाला कागद-पेन घेऊन बसावे लागले. घरात सहा माणसे. हप्त्याच्या पगारातून वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकून जमवलेले सात हजार रुपये. मुलाच्या मित्रांनी सांगितले होते, पास काढा, मग चार दिवस कुठेही फिरा, कंडक्टर विचारणार नाही. सगळ्यांचे पास काढले असते तर त्या सात हजारांतले जेमतेम साडेपाचशे रुपये हातात उरले असते. खाणार काय आणि उतरणार कुठे?

आधी पास म्हणजे काय ते पाहू. एसटी महामंडळाची 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना 1988 पासून चालू आहे. चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असे दोन पास मिळतात. साध्या बसचा चार दिवसांचा पास 2024 मध्ये प्रौढाला 1170 रुपयांना आणि 5 ते 12 वर्षांच्या मुलाला 585 रुपयांना होता. सात दिवसांचा प्रौढाचा पास तेव्हा 2040 रुपयांना होता. शिवशाहीचा दर वेगळा आणि जास्त. साधा पास घेऊन शिवशाहीत बसता येत नाही, हे बऱ्याच जणांना गाडीत चढल्यावर कळते.

आता साधे तिकीट. एसटीचे भाडे किलोमीटरवर नाही, टप्प्यावर मोजतात. एक टप्पा सहा किलोमीटरचा आणि ऑक्टोबर 2021 पासून जानेवारी 2025 पर्यंत साध्या बसचा टप्प्याचा दर होता 8 रुपये 70 पैसे. सातवीच्या मुलालाही जमेल असा भागाकार आहे. 1170 ला 8.70 ने भागले की येतात साधारण 135 टप्पे. त्याला सहाने गुणले की सुमारे 800 किलोमीटर. याचा अर्थ, पूर्ण तिकीट लागणाऱ्या माणसाने चार दिवसांत 800 किलोमीटरपेक्षा जास्त प्रवास केला तरच पास फायद्याचा. सात दिवसांच्या पासाला हेच गणित लावले तर 1400 किलोमीटर येतात. दोन्हीकडे रोजचे 200 किलोमीटर. उद्या भाडे वाढले, पासही महागला, तरी रीत हीच राहील: पासची किंमत भागिले टप्प्याचा दर, गुणिले सहा.

रोज 200 किलोमीटर म्हणजे किती? खान्देशातल्या रस्त्यांवर साध्या गाडीने पाच तास तरी बसून राहणे. त्यात स्टँडवर गाडीची वाट पाहण्याचा वेळ धरलेला नाही. तुम्ही लेणी पाहायला निघाला आहात की गाडीची खिडकी, हे आधी ठरवावे लागेल.

त्या कुटुंबाने ठरवलेला मार्ग असा होता. धुळ्याहून जळगाव, तिथे बहिणीकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी अजिंठा पाहून औरंगाबाद (गाडीच्या पाटीवर आता छत्रपती संभाजीनगर). तिसऱ्या दिवशी दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ. चौथ्या दिवशी बीबी का मकबरा पाहून परत धुळे. अंतरे अंदाजाने धरली: धुळे ते जळगाव 95 किलोमीटर, जळगाव ते औरंगाबाद 160, वेरूळपर्यंत जाऊन येऊन 60, औरंगाबाद ते धुळे 150. बेरीज 465. टप्पे झाले 78 आणि पूर्ण तिकिटाचे भाडे तेव्हाच्या दराने साधारण 680 रुपये. मध्ये मध्ये उतरत गेले की टप्पे तुटतात, भाडे तेव्हा पाचाच्या पटीत आकारले जात होते, म्हणून पाच-पन्नास रुपये वर धरा. तरीही 1170 पासून आपण फार लांब आहोत. बरोबरी साधायची तर धुळ्याहून नाशिकला जाऊन परत यावे लागेल, तेही त्याच चार दिवसांत.

पण खरा फरक पुढेच आहे. पासच्या दरात प्रौढ आणि मूल एवढेच दोन प्रकार आहेत. तिकिटात मात्र सवलती आहेत. 17 मार्च 2023 पासून राज्यातल्या एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांत महिलांना अर्धे तिकीट आहे. 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे. 75 वर्षे पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून काहीच तिकीट नाही, फक्त वयाचा पुरावा जवळ हवा. म्हणजे अम्मीला पास काढून दिला तर तो वसूल व्हायला तिला चार दिवसांत 1600 किलोमीटर फिरावे लागेल! आणि घरातल्या 76 वर्षांच्या दादांना पास काढून देणे म्हणजे फुकट मिळणाऱ्या पाण्याला पैसे मोजणे झाले.

आता त्या सहा जणांचा हिशेब. वडील आणि सोळा वर्षांचा मुलगा यांना पूर्ण तिकीट, प्रत्येकी 680. आई, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांची धाकटी आणि 68 वर्षांची दादी यांना अर्धे, प्रत्येकी 340. (दादीला बाई म्हणून अर्धे आणि वय झाले म्हणून आणखी अर्धे असे होत नाही, सवलत एकदाच.) एकूण 2720 रुपये. सगळ्यांचे पास काढले असते तर पाच प्रौढांचे 5850 आणि धाकटीचे 585, मिळून 6435. फरक 3715 रुपयांचा. एवढ्यात साध्या लॉजच्या दोन रात्री आणि सहा जणांचे जेवण निघते.

हा कागद आम्ही त्या वडिलांना दाखवला तेव्हा मुलांची आई सोबत होती. तिने आकडे नीट पाहिले आणि विचारले, "म्हणजे आम्हा चौघींचे मिळून जेवढे होतात, तेवढेच या दोघांचे होतात?" हो, तेवढेच, 1360 आणि 1360. मग ती जे म्हणाली ते आमच्या डोक्यातून अजून गेलेले नाही. लग्नाला अठरा वर्षे झाली, तिने अजिंठा पाहिला नव्हता. घरातले पुरुष आणि मुलगा दोनदा जाऊन आले होते. प्रत्येक वेळी कारण एकच, सगळे निघालो तर खर्च दुप्पट होतो.

2023 च्या आधी त्या कारणात थोडे तरी तथ्य होते. तेव्हा याच सफरीत आई आणि मोठी मुलगी यांना पूर्ण तिकीट लागले असते. आता बायका-मुलींना घरी ठेवून प्रवासखर्चात होणारी बचत घरातल्या कोणाहीपेक्षा कमी आहे. खर्चाचे कारण सांगून घरी कोणाला ठेवायचेच असेल तर हिशेबाने सोळा वर्षांच्या मुलाला ठेवायला हवे! मुलगा हे ऐकून हसला, पण जरा दचकलाही.

पासच्या बाजूने काही बोलायचेच नाही असे नाही. त्या वडिलांना पास का हवा होता हे आम्ही विचारले. ते म्हणाले, दर गाडीत सहा जणांचे तिकीट, सुटे पैसे, कोणाचे अर्धे कोणाचे पूर्ण, आधार कार्ड दाखवा, या कटकटीचा जीवाला त्रास होतो. पास खिशात असला की माणूस ताठ बसतो. ही गोष्ट आम्हाला पटते. रोज मजुरीचा हिशेब करणाऱ्या माणसाला चार दिवस हिशेबातून सुटका हवी असते. पण त्या सुटकेची किंमत 3715 रुपये होती, एवढे माहीत असावे. त्यावर आमचा साधा उपाय: घरून निघतानाच तिकिटाचे पैसे वेगळ्या पाकिटात, सुट्ट्यांसकट, आणि सगळ्यांची आधार कार्डे एकाच प्लास्टिकच्या पिशवीत, ती आईच्या पर्समध्ये. पाकीट मुलाकडे द्यावे. गणितात कच्चा असला तर चार दिवसांत सुधारेल.

परदेशातल्या मोठ्या शहरांत पर्यटकांसाठी जे पास विकतात त्यांत प्रवासाबरोबर संग्रहालयांची प्रवेश तिकिटेही धरलेली असतात. तिथली प्रवेश तिकिटे महाग, म्हणून तो सौदा कधी कधी जमतो. आपल्याकडे वेरूळ आणि अजिंठ्याला भारतीयांना 40 रुपये, मकबऱ्याला आणि दौलताबादच्या किल्ल्याला 25 रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. इथे वाचवण्यासारखे फारसे नाहीच. मुंबईच्या लोकलचे एक, तीन आणि पाच दिवसांचे पर्यटक तिकीट असो की दिल्ली मेट्रोचे पर्यटक कार्ड, गणित तेच. दिवसात किती वेळा चढणार-उतरणार ते मोजा आणि साध्या तिकिटाशी ताडून पाहा. चुलत्यांकडे मुक्कामाला जाऊन दिवसातून एकदाच बाहेर पडणार असाल तर कार्ड घेऊ नका.

पैशांपेक्षा वाराच जास्त नुकसान करतो, हे मात्र सांगायला हवे. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. वर सांगितलेल्या मार्गावर रविवारी निघालात तर अजिंठ्याच्या दारात सोमवारी पोहोचाल. बुधवारी निघालात तर गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी वेरूळ-खुलताबाद, आणि जुम्याची नमाज खुलताबादेत मिळते. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर उतरल्यावर लेण्यांपर्यंत एसटीचीच वेगळी बस घ्यावी लागते, तिचे भाडे वेगळे धरा. दौलताबादचा किल्ला दादीला चढवू नका. खाली सावलीत चांगली बसायला जागा आहे, एक नातवंड जवळ ठेवा.

खुलताबादेत घाई करू नये असे आम्हाला वाटते, कारण आपल्या खान्देशाचे धागे तिथे आहेत. बुऱ्हाणपूर हे नाव तिथे दफन असलेल्या शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यावरून पडले आणि तापीच्या पलीकडचे जैनाबाद शेख जैनुद्दीन शिराझी यांच्यावरून. ही गावे वसवली फारुकी घराण्याने, ज्या खानांवरून खान्देश हे नाव आल्याचे सांगतात. औरंगजेबाची साधी, उघडी कबर जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारातच आहे आणि मलिक अंबरचा मकबराही याच गावात. मुलांनी मकबरा म्हटला की फक्त ताजमहाल ओळखू नये. औरंगाबादचा मकबरा आझम शाहने आपली आई दिलरस बानू बेगम हिच्यासाठी बांधला, ही गोष्ट त्या तेरा वर्षांच्या मुलीला फार आवडली. एका मुलाने आईसाठी बांधलेली इमारत म्हणून तिने ती वहीत लिहून घेतली, असे सुट्टीनंतर तिने सांगितले.

ज्यांच्याकडे चार दिवस नाहीत त्यांनी फारुकींसाठी तेवढे लांबही जायला नको. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरला या घराण्याचे जुने मकबरे आहेत. तिथे सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येते, आणि पासचा प्रश्नच येत नाही. बुऱ्हाणपूरला एसटीने जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: महिलांची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच आहे, पुढचे भाडे पूर्ण लागते. जळगाव-भुसावळकडच्यांना त्यापेक्षा रेल्वे सोयीची.

मग पास घ्यावा कोणी? एकटा-दुकटा जाणारा पुरुष किंवा कॉलेजचा मुलगा, ज्याला पाय दुखत नाहीत आणि रात्रीच्या गाडीत झोप लागते, त्याने. जळगावहून पुणे, पुढे कोल्हापूर आणि परत, असा चार दिवसांचा बेत केला तर सव्वाबाराशे किलोमीटर होतात. 2024 च्या दराने साध्या तिकिटाला अठराशे रुपयांच्या आसपास लागले असते, पास 1170 मध्ये. इथे सहाशे रुपये वाचले असते. आमच्या त्या सोळा वर्षांच्या मुलाने बारावीनंतरच्या सुट्टीसाठी हा बेत आताच ठरवून ठेवला आहे. त्याला आम्ही दोन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. पासचा दिवस रात्री बारा ते रात्री बारा असा मोजतात, म्हणून संध्याकाळी निघायचे असेल तर पास दुसऱ्या दिवसापासूनचा घ्यायचा आणि त्या संध्याकाळचे तिकीट वेगळे काढायचे. आणि शेवटच्या रात्री गाडी बाराच्या आत घरच्या स्टँडवर लागेल अशीच पकडायची, नाहीतर उरलेल्या रस्त्याचे तिकीट काढावे लागते.