प्रगतिपुस्तकाबरोबर आरोग्याचाही निकाल पाहा

एप्रिल सरत आला की सातारा-सांगलीतील प्राथमिक शाळांच्या परीक्षा आटोपतात, १ मेच्या सुमारास निकाल लागतो आणि मुलांना मामाच्या गावाचे वेध लागतात. पालक प्रगतिपुस्तकातील गुण बारकाईने पाहतात. मात्र वर्षभरात शाळेत झालेल्या आरोग्य तपासणीत काय आढळले, याची चौकशी फार थोडे पालक करतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यानुसार वैद्यकीय पथक सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करते. काही दोष आढळल्यास पुढील तपासणीसाठी चिठ्ठी दिली जाते. शेतीची कामे, मजुरी, शाळा बुडण्याची भीती यामुळे ही चिठ्ठी पुष्कळदा दप्तरातच राहते. निकाल आणायला जाल तेव्हा वर्गशिक्षकांना तिच्याबद्दल अवश्य विचारा. पुढील तपासणी तालुक्याच्या रुग्णालयात, गरज पडल्यास साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालयात किंवा सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात करून घेता येते. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, तोवर हातात पुरेसे दिवस असतात.

डोळ्यांना थांबवू नका

चिठ्ठी डोळ्यांची असेल तर अजिबात वेळ दवडू नये. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा तो तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे अंधूक चित्र हळूहळू दुर्लक्षित करू लागतो. दुसऱ्या डोळ्याने काम भागत असल्याने मूल तक्रार करत नाही. यालाच 'आळशी डोळा' म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा व उपचार मिळाल्यास नजर सुधारण्याची शक्यता चांगली असते. नंतर ती कमी होत जाते. घरी एक सोपी चाचणी करता येईल. मुलाचा एकेक डोळा आळीपाळीने झाकून दहा फुटांवरून भिंतीवरच्या कॅलेंडरमधील मोठे आकडे वाचायला सांगा. दोन डोळ्यांत फरक जाणवल्यास नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. मुलीला चष्मा लागला तर लग्नाला अडचण येईल, हा विचार मनातून काढून टाकावा.

सहाव्या वर्षाची दाढ

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी 'पडेल आपोआप' म्हणून सोडून देतात. ही दाढ कायमची असते. ती गेली की पुन्हा येत नाही. तिच्यावर काळा डाग दिसताच दंतवैद्यांकडे जावे.

लसीची नोंद तपासा

पाच ते सहा वर्षांच्या मुलांना डीपीटीची दुसरी वर्धक मात्रा आणि दहाव्या वर्षी टीडीची लस द्यायची असते. पूर्वीच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या जागी आता टीडी असून, ती धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण देते. प्राथमिक आरोग्य केंद्रात या लसी मोफत मिळतात. चौथीनंतर शाळा बदलताना दाखल्यासोबत लसीकरणाचे कार्डही जपून ठेवावे. साखर कारखान्यांचा हंगाम संपल्यावर गावी परतणाऱ्या ऊसतोड कुटुंबांनी ते विशेष सांभाळावे.

पाण्याजवळ एकटे नको

सुटीत मुले कृष्णा, कोयना, वारणेच्या काठी, नाहीतर मळ्यातील विहिरीवर धावतात. पोहणे जरूर शिकवावे, पण पाठीला डबा किंवा भोपळा बांधून आणि पट्टीच्या पोहणाऱ्या मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच. मूल बुडाल्यास बाहेर काढल्यावर त्याला उलटे धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास बंद असेल तर ताबडतोब तोंडाने श्वास द्यावा, छातीवर दाब देणे सुरू करावे आणि कोणाला तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावण्यास सांगावे.

गणितात कमी पडलेले गुण पुढच्या वर्षी भरून काढता येतात. वेळेवर न तपासलेल्या डोळ्याचे तसे नाही. तेव्हा मामाच्या गावाची एस. टी. पकडण्यापूर्वी एक दिवस दवाखान्यासाठी राखून ठेवा.