दुबईला जावं का? आमचा जोयड्याचा हिशेब

"सुट्टीत दुबईला जावं का गं?" हा प्रश्न हल्ली आमच्या नात्यागोत्यात वर्षातून दोनदा तरी निघतोच. पुण्यातल्या भाचीला नवऱ्याबरोबर जायचंय, बेळगावच्या पुतण्याला मित्रांबरोबर. आम्ही चौघं, म्हणजे मी, हे, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई, गेल्या जानेवारीत पाच रात्री राहून आलो. त्यामुळे सगळे मलाच विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आधी एक सांगून ठेवते. मी जोयड्याची. उत्तर कन्नड जिल्ह्यातला, गोव्याच्या सीमेला टेकलेला हा जंगलाचा तालुका. काळी नदी इथेच उगम पावते आणि तुम्ही राफ्टिंगला येता ते गणेशगुडीही याच तालुक्यात आहे. पावसाळ्यात चार महिने कपडे वाळत नाहीत अशा गावच्या बाईने वाळवंटातलं शहर बघितलं, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर: हो, जावं. पण एकदा, चार-पाच दिवसांसाठी, थंडीत आणि साठवलेल्या पैशांतून. आता कारणं सांगते.

चकचकाट खरंच बघण्यासारखा आहे

उगाच नाकं मुरडण्यात अर्थ नाही. बुर्ज खलिफाची उंची ८२८ मीटर आहे. आमचं सुपा धरण १०१ मीटर उंच आहे आणि त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की मान दुखते. तशी आठ धरणं एकावर एक ठेवल्यासारखा हा मनोरा! २०१० साली तो खुला झाला. १२४व्या मजल्यावर जायचं तिकीट सूर्यास्ताच्या वेळेला महाग असतं, म्हणून आम्ही सकाळी गेलो. खाली समुद्र, रस्त्यांची जाळी, आणि त्यापलीकडे एकदम पिवळी वाळू. शहर जिथे संपतं तिथे ते खरोखरच संपतं, हे वरूनच कळतं.

दुबई मॉलमध्ये बाराशेच्या आसपास दुकानं आहेत. खरेदी नसली तरी तिथलं प्रचंड मत्स्यालय बाहेरच्या बाजूने फुकट दिसतं आणि संध्याकाळी कारंज्यांचा खेळही फुकट असतो. लेकीला सगळ्यात आवडली ती मेट्रो. ती २००९ मध्ये सुरू झाली आणि चालकाशिवाय धावते. पुढच्या डब्यात जागा मिळाली तर आपणच गाडी चालवतोय असं वाटतं. मात्र मेट्रोत डबा उघडायचा नाही. खाण्यापिण्याला शंभर दिरहॅम दंड आहे.

तरी खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी हे सगळं एकसारखं वाटू लागलं. काच, थंडगार हवा, सुगंध, पुन्हा काच. तिथेच परत फिरलो असतो तर फोटो भरपूर मिळाले असते, पण सांगण्यासारखं फार काही उरलं नसतं.

खाडीकाठची दुबई चुकवू नका

चौथ्या दिवशी आम्ही बर दुबईला गेलो. खाडी ओलांडायला लाकडी होडी असते, तिला 'अब्रा' म्हणतात. भाडं फक्त एक दिरहॅम. शंभर दिरहॅमच्या तिकिटांनी जे दिलं नाही ते या एका दिरहॅमने दिलं. पलीकडे देरा, तिथला सोन्याचा बाजार आणि मसाल्यांचा बाजार. अलीकडे अल फहिदी, म्हणजे जुन्या व्यापाऱ्यांची वस्ती.

या वस्तीतल्या घरांवर चौकोनी मनोरे दिसतात. ते वारा पकडायचे मनोरे. कुठल्याही दिशेने वारा आला की तो खाली खोलीत उतरतो. वीज नव्हती तेव्हाची ही वातानुकूलन यंत्रणा! आपल्याकडे जाड मातीच्या भिंती आणि उतरतं कौल, त्यांच्याकडे हे. गरज एकच, वाट वेगळी.

इथे आपला धागाही सापडतो. तेलाच्या आधी दुबई मोत्यांवर जगायची आणि ते मोती विकले जायचे मुंबईत. १९३०च्या सुमारास जपानचे कृत्रिमरीत्या वाढवलेले मोती आले, जगभर मंदी आली आणि तो धंदा बसला. १९६६ पर्यंत तिथे रुपयाच चालायचा. शेवटची काही वर्षं तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी खास वेगळा रुपया काढला होता. त्याच १९६६ मध्ये दुबईला तेल लागलं, पण अबू धाबीच्या मानाने थोडंच. म्हणून त्यांनी बंदर, विमानतळ आणि पर्यटन उभं केलं. एमिरेट्सची पहिली विमानं १९८५ साली उडाली ती कराचीला आणि आपल्या मुंबईला. थोडक्या तेलाच्या पैशांतून त्यांनी पुढच्या पिढीची सोय केली, हे मात्र शिकण्यासारखं आहे.

दिव्यांच्या मागे

सासूबाईंचं माहेर जुन्या सुप्याचं. काळी नदीवर धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. तिथल्या लोकांनी रामनगरला नव्याने संसार मांडले. वीज दूरच्या शहरांना मिळाली आणि आमच्या कितीतरी पाड्यांवर पुढे अनेक वर्षं कंदीलच होते. त्यामुळे रात्री हॉटेलच्या खिडकीतून झगमगाट बघून त्या नातीला म्हणाल्या, "एवढे दिवे पेटवायला कुणाचं गाव बुडवलं गो?"

लेकीने फोनवर शोधून सांगितलं. तिथे बुडवायला नदीच नाही. बरीचशी वीज नैसर्गिक वायू जाळून होते, आता सौरऊर्जेचीही भर पडते आहे. पिण्याचं पाणी समुद्राचं मीठ काढून करतात. वर्षाचा सगळा पाऊस आमच्याकडच्या आषाढातल्या एखाद्या दिवसाइतका. एप्रिल २०२४ मध्ये एकाच दिवसात धो धो पडला तर विमानतळाच्या धावपट्ट्यांवर पाणी साचलं.

पण सासूबाईंचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. गाव बुडालं नसेल, रिकामं मात्र झालं. आमच्याच जिल्ह्यातल्या भटकळची कितीतरी घरं आखातातल्या पैशांवर उभी आहेत. कोकणात, गोव्यातही तेच. दुबईत दहातली जवळजवळ नऊ माणसं परदेशी आहेत. बुर्ज बांधणारे हात आपल्या उपखंडातले. शहराच्या कडेला कामगारांची मोठी वस्ती आहे, तिचं नाव लोकांनी हिंदीतून ठेवलंय, सोनापूर! उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्याने बंदी आहे. यावरून उन्हाची कल्पना करा.

हॉटेलात, टॅक्सीत, दुकानात भेटणाऱ्या माणसाला "गाव कुठलं?" एवढं विचारून बघा. आमच्या पाच दिवसांत सगळ्यात चांगल्या गप्पा याच प्रश्नाने झाल्या.

जाणार असाल तर

• नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य. मे महिन्यात हॉटेलं स्वस्त दिसतात, पण पारा चाळिशीच्या वर असतो आणि ग्लोबल व्हिलेजसारखी ठिकाणं उन्हाळ्यात बंद असतात.
• खसखस अजिबात नेऊ नका. तिथे तिच्यावर बंदी आहे. म्हणजे दिवाळीचे अनारसेही घरीच ठेवायचे. खोकल्याची आणि दुखण्याची काही औषधंही चालत नाहीत. आधी तपासा, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.
• जेवणाची काळजी नको. बर दुबईत शाकाहारी थाळीपासून वडापावापर्यंत सगळं मिळतं. धनंजय दातार यांच्या 'अल आदिल' दुकानांत आपली पिठं आणि लोणचीही मिळतात.
• आमचा चौघांचा खर्च तीन लाखांच्या वर गेला. दोन वर्षं बाजूला टाकलेले पैसे होते. हप्त्यांवर सहल करू नका. फोटो दोन दिवसांत जुने होतात, हप्ते वर्षभर ताजे राहतात.

मग ठरवायचं कसं?

भाचरांनो, तुम्ही दुबई बघा, त्यात वाईट काही नाही. वाळवंटात माणसाने काय उभं केलं ते बघितलं की डोकं चालायला लागतं. माझी काळजी वेगळी आहे. पूर्वी मे महिना म्हणजे आजोळ. आता सुट्टी मोजकी, पैसे मोजके, आणि परदेशाची सहल ठरली की पहिल्यांदा कापली जाते ती गावाकडची फेरी. तुमच्यातल्या काहींनी बुर्जावरून वाळवंट पाहिलंय, पण सुप्याच्या जलाशयाकाठी उभं राहून पणजीचं घर कुठे होतं ते विचारलेलं नाही. ते बोट दाखवून सांगू शकणारी माणसं आता थोडीच उरली आहेत. बुर्ज दहा वर्षांनीही तिथेच असेल.

सोपा उपाय आहे. दुबई थंडीतच चांगली आणि जोयडा मे महिन्यात. तेव्हा फणस पिकलेला असतो, रात्री पांघरूण लागतं आणि बसभाड्यापलीकडे खर्च नाही. म्हणजे दोन्ही सुट्ट्या एकमेकींच्या आड येतच नाहीत. दुबईसाठी पैसे साठवा, तोवर दर मे महिन्यात इकडे या. आणि येताना सासूबाईंना आधी फोन करा, म्हणजे त्या सुप्याच्या गोष्टी आठवून ठेवतील.