मुलूच्या डोंगरातले उलटे मजले

सह्याद्रीत एवढा पाऊस कोसळतो, मग डोंगराच्या पोटातून वाहणारी नदी आपल्याकडे का नाही, असं एका वाचकाने विचारलं आहे. उत्तर खडकात आहे. सह्याद्रीचा बसाल्ट पाण्यात असा सहजी विरघळत नाही. वेरूळची लेणी छिन्नीनेच कोरावी लागली. चुनखडी मात्र विरघळते. तिच्यावर वर्षावन असलं की काय घडतं, ते बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सारावाक राज्यातल्या गुनुंग मुलू राष्ट्रीय उद्यानात पाहावं.

तिथे पालापाचोळा बारा महिने कुजतो. मुळं आणि सूक्ष्मजीव मातीत इतका कार्बन डायऑक्साइड सोडतात की झिरपणारं पाणी आम्लधर्मी होऊनच खडकाला भिडतं. म्हणजे गुहा कोरण्यात जंगलाचाही हात! शेजारचा २,३७६ मीटर उंचीचा मुलू पर्वत वालुकाश्म आणि शेलचा. तिथून उतरणाऱ्या पाण्यात विरघळलेला चुना फारसा नसतो, त्यामुळे चुनखडी गाठली की ते तिला झपाट्याने खातं.

मुलूतल्या क्लिअरवॉटर गुहेत नदीच्या काठाने चालताना भिंतींवर, डोक्याच्याही वर, आडव्या खोल खाचा दिसतात. कधीकाळी पाणी त्या पातळीवर होतं. नदी खाली गेली असं वाटतं. खरं तर डोंगर वर आला. नदी आपल्या पातळीवरच कोरत राहिली आणि जुने बोगदे वर उचलले जाऊन कोरडे पडले. सगळ्यात जुना मजला माथ्याकडे, नवा तळाशी, अशी ही उलटी बांधलेली इमारत आहे. गुहेतला गाळ आणि लवणस्तंभ यांचं वय काढून अँड्र्यू फॅरंट आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये वर येण्याचा वेग मांडला: हजार वर्षांत सुमारे १९ सेंटीमीटर. गुहेच्या भिंतींनी डोंगराच्या वाढीची नोंद ठेवावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मुलूवरच्या लेखांत रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीची १९७७-७८ ची मोहीम हमखास येते. तिने सुमारे ५० किलोमीटर गुहा धुंडाळल्या, काम मोठंच. पण १९६१ मध्येच भूशास्त्रज्ञ जी. ई. विल्फर्ड यांनी मुलूतल्याच डिअर गुहेची मोजणी करून इथे आणखी पुष्कळ गुहा सापडतील, असं सांगून ठेवलं होतं. त्यांच्याही कितीतरी आधी ती गुहा इथल्या बेरावान समाजाला ठाऊक होती. याच समाजातले गेंड्यांचे शिकारी तामा निलोंग यांना गेंड्याच्या मागावर असताना गवसलेल्या डोंगरधारेनेच १९३२ मध्ये एडवर्ड शॅकल्टन यांची तुकडी मुलूच्या शिखरावर पोचली. निलोंग आणि विल्फर्ड ही नावं मोहिमेच्या आधी यायला हवीत. मोहिमेनंतरही शोध चालू राहिला आणि एकट्या क्लिअरवॉटरचा नकाशा आता २०० किलोमीटरच्या पुढे गेला आहे.