४७ आलं कुठून?

तिसरीतल्या मुलाने ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिलं. वहीत लाल फुली पडते. ॲपमध्ये 'टुंग' वाजून पुढचं गणित येतं. दोन्हीकडे तो ३५ वाया जातो. गृहपाठाचं सॉफ्टवेअर कामाचं की नुसतं रंगीत, हे ठरवायचं तर चुकलेल्या उत्तराचं ते काय करतं ते पाहावं.

मुलं सहसा वाटेल तो आकडा ठोकून देत नाहीत. त्यांची एक रीत असते, फक्त ती चुकीची असते. इथे २ मधून ७ जात नाहीत, म्हणून मुलाने ७ मधून २ घालवले, उरले ५. दशकात ५ मधून २ गेले, उरले ३. 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे इतक्यांदा कानावर पडलेलं असतं, की मुलाने ते प्रत्येक घराला लावलं तर नवल नाही.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मांडलेलं काम अशाच चुकीच्या रीतींचं. त्यांच्या 'बग्गी' प्रोग्रॅममधला खेळ मजेदार होता: चुकणाऱ्या मुलाचं सोंग संगणक घ्यायचा आणि त्याला गणितं घालून खोड ओळखायची शिक्षकाने. निकाराग्वातल्या हजाराहून अधिक मुलांच्या उत्तरांवरही त्यांनी ही पद्धत लावून पाहिली.

आतलं काम तसं सरळ आहे. एकच गणित प्रोग्रॅम आधी बरोबर सोडवतो, मग माहीत असलेल्या एकेका चुकीच्या रीतीने. मुलाचं उत्तर जिच्याशी जुळेल ती रीत संशयित. घाईत बोट भलत्याच आकड्यावर पडलेलं असू शकतं, म्हणून एका गणितावरून निकाल द्यायचा नाही.

पण ५२ − २७ इथे दगा देतं. दुसरं एखादं मूल हातचा घेतं, १२ मधून ७ घालवून ५ लिहितं आणि दशकातल्या ५ चे ४ करायला विसरतं. त्याचंही उत्तर ३५! एककांत ५ चा फरक असला की हे व्हायचंच. एकाला दशक सुटा करणंच उमगलेलं नाही, दुसऱ्याला ते येतं पण त्याचा हिशेब अर्धवट राहतो. दोघांना एकच धडा देऊन भागणार नाही. म्हणून पुढचं गणित ६१ − २८ हवं. बरोबर उत्तर ३३. दशक कमी करायला विसरणाऱ्याचं ४३. उलटी वजाबाकी करणाऱ्याचं ४७. आता दोघं वेगळे पडले.

पुढे शून्याची भानगड आहेच. ३०४ − १२८ मध्ये काही मुलं शून्याचे ९ करतात, पण शतकातला एक कमी करत नाहीत, आणि १७६ ऐवजी २७६ लिहितात. दोन अंकी गणितं कितीही सोडवून घेतली तरी ही चूक दिसणार नाही.

म्हणूनच गणितं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडणारं सॉफ्टवेअर मला पटत नाही. एककाच्या घरात वर-खाली कोणतेही अंक आले, तर १०० जोड्यांपैकी ४५ मध्येच खालचा अंक मोठा असतो, म्हणजे हातचा लागतो. उलटी वजाबाकी करणारं मूलही शंभरात ५५ गुण मिळवून जाईल, आणि पालकांना वाटेल, थोडा सराव कमी पडतोय.

पडद्यावरची मांडणीही पाहावी. उभ्या मांडणीत एककापासून अंक भरता आले पाहिजेत आणि हातचा लिहायला वर जागा हवी. आडव्या चौकोनात मुलाला आख्खं उत्तर मनात धरून डावीकडून टाइप करावं लागतं. तिथे चूक वजाबाकीची की टाइप करण्याची, कळत नाही. चार पर्यायांत ४७ नसेल, तर तो दिसायची सोयच उरत नाही.

ॲप घेण्याआधी पालकांनी स्वतः बसून हातच्याची चार-पाच गणितं मुद्दाम उलट्या रीतीने सोडवावीत. ते लगेच दशक सुटा करून दाखवतंय का, की 'पुन्हा प्रयत्न कर' म्हणत तसलीच आणखी वीस गणितं पुढे टाकतंय, हे पाच मिनिटांत कळतं.