समेवर कान, वहीत पेन्सिल

सदरच्या गर्दीतून सिव्हिल लाइन्सकडे वळलं, की डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह फार लांब नाही. नागपुरातल्या कितीतरी मोठ्या मैफली इथेच होतात, आणि पेपरात येणारी त्यांची परीक्षणंही इथल्याच अंधारात, मांडीवरच्या वहीत खरडली जातात. मी पेन्सिलच नेतो. बॉलपेन मध्येच रुसलं तर अंधारात कळत नाही. घरी येऊन पाहावं तर कागदावर नुसते चरे. मोबाइलवर टिपणं घेणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडतो आणि मागच्या रांगेतले काका खेकसतात. बरोबरच करतात.

तानपुरे जुळत असतानाच आत जाऊन बसावं. गायकाची पट्टी कोणती, साउंडवाल्याने पेटी अंमळ चढीच ठेवलीय का, हे तेव्हाच कळतं. पुढे गाणं दबलेलं वाटलं, तर दोष गळ्याचा की माइकचा, हे आपल्याला सांगता यायला हवं.

राग ओळखता आला नाही तर लाजू नये. मध्यंतरात पेटीवाल्यांना विचारावं. पण नाव कळलं म्हणजे काम झालं, असंही नाही. समजा, मारवा आहे. मारवा आणि पूरिया, दोघांचे स्वर तेच: रिषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाही. पूरियाची वस्ती गंधार-निषादावर, मारव्याची रिषभ-धैवतावर. मारव्यात खरी गंमत षड्ज चुकवण्यात असते. तो किती लांबवला, हे घड्याळात नाही, आवर्तनात मोजावं. विलंबित एकताल अगदी संथ असला तर एक आवर्तन मिनिटभरही चालतं. वहीत मी एवढंच लिहितो: ‘तिसरं आवर्तन, सा नाही. चौथं, नि-रे करून परत धैवतावर. पाचव्यात सा. पुढच्या रांगेतून हाऽऽ.’ या टिपणावर परीक्षणाचा अख्खा परिच्छेद उभा राहतो. ‘मैफल उत्तरोत्तर रंगत गेली’ हे वाक्य मैफलीला न जाताही लिहिता येतं, आणि लिहिणारे लिहितातही.

या सभागृहात मारवा गायचा म्हणजे तसं धाडसच. हे सभागृह ज्या गायकाच्या नावाचं, त्या वसंतरावांचं बालपण नागपुरात गेलं, शंकरराव सप्रे गुरुजींकडे ते इथेच शिकले. पण मारवा त्यांनी लाहोरला असद अली खाँसाहेबांकडून घेतला. त्यांचा मारवा ऐकलेले कान समोर बसलेले असतात. परीक्षणात तुलनेचा मोह होतोच. एखादं वाक्य चालेल, पण त्या फुटपट्टीने आजच्या गायकाला बडवत सुटू नये.

विदर्भाने परीक्षणाच्या या कामात एक मोठा माणूस दिलाय. केशवराव भोळे, जन्म 1896, अमरावतीचा. प्रभातच्या ‘संत तुकाराम’चं संगीत त्यांचं, आणि ‘एकलव्य’ या नावाने गायकांवर लिहायचे तेही तेच. ‘आजचे प्रसिद्ध गायक’ आजही वाचावं. टोपणनावाची सोय मला फार पटते. ग्रीनरूममध्ये बुवांबरोबर चहा घेऊन आलं, की तानेत दाणा नव्हता हे लिहिताना हात आखडतो. म्हणून मी चहा बाहेरच पितो.

राहिली जागा. 300 शब्द सांगितलेले असतात. रात्री जाहिरात येते आणि 200 उरतात. कात्री नेहमी खालून चालते, आणि खाली कोण असतं? तबला आणि पेटी, ‘समर्पक साथ’ म्हणून एका ओळीत उरकलेले. मी त्यांची नावं दुसऱ्याच परिच्छेदात, गाण्याच्या वर्णनातच गुंतवतो. तबलजींना काढायचं तर त्यांच्या तिहाईवर गायकाने घेतलेली समही काढावी लागते. प्रमुख पाहुणे आणि दीपप्रज्वलन मात्र अगदी शेवटी. कापले तर कापले.