मोठा टीव्ही घेण्याआधी

इंच म्हणजे रुंदी नव्हे; पडद्याची कोपरा ते समोरचा कोपरा अशी तिरकी लांबी. ५५ इंची पडदा सुमारे १२२ सेंमी रुंद, ६८ सेंमी उंच. खरेदीसाठी निघण्याआधी बैठकीची भिंत टेपने मोजावी. उघडणारं दार आणि भिंतीतलं कपाट धरून.

• पाहण्याचं अंतर : ५५ इंची फोर-के टीव्हीसाठी साधारण ५ ते ७ फूट.
• फोर-के : ३८४० × २१६० ठिपके, फुल एचडीच्या चौपट.
• डीडी फ्री डिश : मासिक शुल्क नाही. पण त्यावरची एसडी (कमी ठिपक्यांची) वाहिनी मोठ्या पडद्यावर जवळून धूसर दिसते.
• एलईडी : पडदा मागून उजळतो. ओएलईडी : प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, काळा रंग खरा काळा.
• जीएसटी : ३२ इंचांवरील टीव्हीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ऐवजी १८ टक्के.