पैसे दिल्याशिवाय फाइल हलत नाही?

सरकारी कार्यालयात काम अडले की सगळीकडे एकच सल्ला मिळतो: थोडे पैसे द्या, काम लवकर होईल. भोपाळच्या सोनागिरीत, पिपलानी आणि इंद्रपुरीच्या पट्ट्यातही तो रोज ऐकू येतो. उत्पन्नाचा दाखला असो, नळजोडणी असो की घराचे नामांतरण, म्हणजे महाराष्ट्रातला फेरफार, शेजारी, नातेवाईक आणि कार्यालयाबाहेर अर्ज भरून देणारा माणूस तेच सांगतो. हा सल्ला तीन समजुतींवर उभा आहे. सरकारी काम मुळातच संथ असते, ही पहिली. पैशाने ते वेगवान होते, ही दुसरी. आणि सामान्य माणसाला याशिवाय मार्गच नसतो, ही तिसरी. पहिली आणि तिसरी साफ चुकीच्या आहेत. दुसरी अर्धीच खरी आहे, आणि ते अर्धे सत्यच सर्वांत जास्त नुकसान करते.

‘सरकारी काम, सहा महिने थांब’ ही म्हण इतकी अंगवळणी पडली आहे की विलंब हा हवामानासारखा नैसर्गिक वाटू लागतो. काही विलंब खराही असतो. रिक्त पदे, एकाच कर्मचाऱ्याकडे तीन-तीन टेबलांचा कार्यभार, निवडणूक आणि सर्वेक्षणाची कामे यांमुळे प्रामाणिक कर्मचाऱ्याकडेही अर्ज साचतात. पण विलंबाचा मोठा भाग मुद्दाम घडवलेला असतो, आणि हे सरकारच्याच समितीने साठ वर्षांपूर्वी नोंदवून ठेवले आहे. 1962 मध्ये नेमलेल्या के. संथानम समितीने 1964 च्या अहवालात परवाने आणि मंजुऱ्यांच्या कामांत गतीसाठी दिल्या जाणाऱ्या पैशाचा स्वतंत्र विचार केला. पैसे देणाऱ्याला बहुधा बेकायदा काहीच करून घ्यायचे नसते, त्याला फक्त फाइल पुढे सरकायला हवी असते, असे समितीला दिसले. पुढचे निरीक्षण अधिक गंभीर होते. पैसे मिळेपर्यंत हातच लावायचा नाही, अशी सवय काही कर्मचाऱ्यांना लागली होती आणि ती सवयच विलंबाचे एक मोठे कारण बनली होती. याच समितीच्या शिफारशीवरून 1964 मध्ये केंद्रीय दक्षता आयोग स्थापन झाला.

त्याच काळात जगभरातल्या विद्वानांत उलटे मतही मांडले जात होते. नॅथॅनियल लेफ यांनी 1964 मध्ये आणि सॅम्युएल हंटिंग्टन यांनी 1968 मध्ये असा युक्तिवाद केला की ताठर नोकरशाहीत लाच वंगणाचे काम करते आणि अडलेली चाके फिरवते. गुन्नार मिर्दाल यांनी 1968 च्या ‘एशियन ड्रामा’ या ग्रंथात संथानम समितीचाच आधार घेऊन हे मत खोडून काढले. अधिकाऱ्याला विलंबातून उत्पन्न मिळत असेल, तर तो विलंब कमी करणार नाही, वाढवेल, हा त्यांचा मुद्दा. डॅनियल कॉफमन आणि शांग-जिन वेई यांनी 1999 मध्ये अनेक देशांतल्या कंपन्यांच्या सर्वेक्षणांवरून हीच गोष्ट तपासली. लाच जास्त देणाऱ्या कंपन्यांचा अधिकाऱ्यांशी वाटाघाटी करण्यात वेळ कमी जात नव्हता, उलट जास्त जात होता. एकदा पैसे देणारा माणूस पुन्हाही देईल, हे टेबलापलीकडच्याला कळलेले असते.

तरीही ‘आम्ही दिले आणि काम झाले’ हा अनुभव खोटा नसतो, म्हणून दुसरी समजूत नीट तपासावी लागते. दिल्लीतल्या दोन अभ्यासांतून तिचे उत्तर मिळते. मरियान बर्ट्रांड, सिमियन जान्कोव्ह, रेमा हॅना आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी वाहन परवाना काढू पाहणाऱ्या 822 जणांचा अभ्यास करून 2007 मध्ये निष्कर्ष मांडले. दलालामार्फत गेलेल्यांना परवाना मिळाला. त्यांना वाहन चालवण्याची परीक्षा बहुधा द्यावीच लागली नाही, आणि खर्च अधिकृत शुल्काच्या दुपटीहून अधिक आला. दलालाशिवाय गेलेल्यांत मात्र चांगले चालवणारे आणि न येणारे सारखेच नापास होत होते. याचा अर्थ परीक्षा कौशल्य मोजत नव्हती, ती उमेदवाराला दलालाकडे ढकलत होती. पैशाने दूर झालेला अडथळा पैशासाठीच उभा केलेला होता.

दुसरा अभ्यास शिधापत्रिकेचा आहे. लियोनिद पायसाखिन आणि पॉल पिंटो यांनी दिल्लीच्या झोपडपट्टीतल्या अर्जदारांचे चार गट केले. एका गटाने फक्त अर्ज केला, दुसऱ्याने सोबत स्वयंसेवी संस्थेचे शिफारसपत्र जोडले, तिसऱ्याने लाच दिली आणि चौथ्याने अर्ज करून नंतर माहितीच्या अधिकाराखाली ‘माझ्या अर्जाचे काय झाले’ एवढेच विचारले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार लाच देणाऱ्यांना साधारण पावणेतीन महिन्यांत पत्रिका मिळाली, माहिती मागणाऱ्यांना साधारण चार महिन्यांत. नुसता अर्ज करून थांबलेल्या बहुतेकांच्या हाती वर्ष होत आले तरी काही पडले नव्हते. लाचेने काम थोडे लवकर होते, हे इथे मान्यच करावे लागते. पण दहा रुपयांचा अर्ज जवळपास तेवढेच काम करत असेल, तर ‘दुसरा मार्गच नाही’ हे वाक्य टिकत नाही. शांतपणे वाट पाहणारा नागरिक सर्वांत मागे राहतो, हा या अभ्यासाचा खरा धडा आहे.

तिसरी समजूत सोनागिरीत ऐकायला मिळावी, हे तर विशेष खटकते. सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क कायद्याने देणारे देशातले पहिले राज्य मध्य प्रदेश आहे, आणि हा कायदा भोपाळच्या विधानसभेतच मंजूर झाला. लोकसेवांच्या प्रदानाची हमी देणारा 2010 चा हा अधिनियम 25 सप्टेंबर 2010 पासून लागू झाला. सुरुवातीला 9 विभागांच्या 26 सेवा त्यात होत्या. आज ही यादी अनेक पटींनी लांबली आहे. त्यानंतर बिहारने 2011 मध्ये आणि महाराष्ट्राने 2015 मध्ये असेच कायदे केले. जो हक्क इतर राज्यांनी पाहून घेतला, त्याचा पत्ता त्याच शहरातल्या अर्जदाराला नसणे ही साधी गोष्ट नाही.

या कायद्याची रचना सोपी आहे. प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी एक पदाभिहित अधिकारी, एक ठरलेली मुदत आणि अपिलाचे दोन टप्पे असतात. अर्ज लोक सेवा केंद्रात किंवा संबंधित कार्यालयात द्यायचा. कागदपत्रे पूर्ण असतील, तर पावतीवर काम होण्याची शेवटची तारीख लिहून द्यावी लागते. अपुरी असतील, तर काय कमी आहे ते पावतीवरच नोंदवावे लागते. मुदत संपली किंवा अर्ज नाकारला गेला, तर 30 दिवसांत पहिले अपील करता येते आणि त्या निर्णयानंतर 60 दिवसांत दुसरे. योग्य कारणाशिवाय विलंब झाला असेल, तर दुसरा अपील प्राधिकारी त्या अधिकाऱ्याला दररोज 250 रुपये, जास्तीत जास्त 5,000 रुपये दंड करू शकतो. सेवा दिलीच नसेल, तर दंड 500 ते 5,000 रुपयांपर्यंत असतो. ही रक्कम अर्जदाराला भरपाई म्हणून देता येते. उत्पन्नाचा किंवा मूल निवासाचा दाखला अशा काही सेवा तर ‘समाधान एक दिन’ या व्यवस्थेत त्याच दिवशी देण्याची सोय आहे.

हे सगळे पावतीवर उभे आहे. ‘कागद ठेवून जा, बघतो’ म्हणून ठेवून घेतलेला अर्ज कायद्याच्या दृष्टीने आलेलाच नसतो. त्याची मुदत सुरू होत नाही, म्हणून ती संपतही नाही. पावती मागायला संकोच वाटतो, साहेब रागावतील अशी भीती वाटते, आणि नेमक्या त्या संकोचावर चिरीमिरीचा धंदा चालतो. तारीख नसलेला अर्ज कितीही काळ अडवता येतो आणि जे अडवता येते त्याचीच किंमत लावता येते. म्हणून पावती मागणे हा उद्धटपणा नाही. तो या हक्काचा पहिला वापर आहे.

कायद्याच्या मर्यादाही आहेत. 5,000 रुपयांचा दंड मोठा नाही. अधिसूचित नसलेल्या सेवांना मुदत लागू होत नाही. पात्रता नसलेल्याला अपिलातून दाखला मिळत नाही. आणि अपील केलेच नाही, तर दंडाचा प्रश्नच येत नाही. महाराष्ट्रात परिस्थिती थोडी वेगळी आहे. तिथे 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली स्वतंत्र आयोग आहे आणि ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून अर्ज करता येतो. त्याशिवाय 2006 पासून लागू असलेल्या दफ्तर दिरंगाई कायद्यानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त काळ पडून राहता कामा नये. पण सीमेच्या दोन्ही बाजूंना दुखणे एकच आहे: कायदा आहे आणि त्याचा आधार घेणारे थोडे आहेत.

कायदा माहीत असूनही पैसे देण्यामागे एक भीती असते. ‘तक्रार केली तर लाच देणाऱ्यालाही आत टाकतात,’ असे ठामपणे सांगितले जाते. या समजुतीला आधार आहे, पण अर्धवट. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम 1988 मध्ये 2018 साली दुरुस्ती झाली आणि कलम 8 नुसार लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला. त्याच कलमात दोन अपवाद स्पष्ट लिहिले आहेत. ज्याला लाच द्यायला भाग पाडले गेले, त्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तर तो गुन्हेगार ठरत नाही. आणि यंत्रणेला आधी कळवून, तिला मदत करण्यासाठी पैसे दिले तर तोही गुन्हा नाही. सापळ्याची कारवाई या दुसऱ्या अपवादावर चालते. आधी मागणीची पडताळणी होते, मग नोटांचे क्रमांक नोंदवून त्यांना फिनॉलफ्थॅलिन लावले जाते, आणि पंचांसमक्ष पैसे स्वीकारणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवले की ते द्रावण गुलाबी होते. मध्य प्रदेशात हे काम लोकायुक्त संघटनेची विशेष पोलिस स्थापना करते, महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. त्याचा टोल फ्री क्रमांक 1064 आहे. धोका गप्प राहून पैसे देणाऱ्याला आहे, वेळेत सांगणाऱ्याला नाही. भीती नेमकी उलट्या बाजूला लावली जाते.

उरलेले गैरसमज थोडक्यात:

‘अधिकाऱ्यावर कारवाईसाठी आधी सरकारची परवानगी लागते.’ भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम 17अ मधील पूर्वपरवानगीची अट लाच घेताना किंवा घेण्याचा प्रयत्न करताना जागेवर पकडण्याच्या प्रकरणांना लागू नाही. खटला चालवण्यासाठीची मंजुरी हा त्यानंतरचा, वेगळा टप्पा आहे.

‘शंभर-दोनशे रुपये म्हणजे लाच नव्हे, दिवाळीची भेट तर नाहीच.’ कायद्यात किमान रक्कम नाही. अनुचित लाभ पैशातच असावा असेही नाही.

‘दलालाला दिले म्हणजे अधिकाऱ्याला दिले नाही.’ वजन वापरून काम करून देण्यासाठी पैसे घेणाऱ्या खासगी व्यक्तीलाही कलम 7अ खाली तीन ते सात वर्षांची शिक्षा आहे.

‘तक्रारदार फिरला की खटला संपतो.’ सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 15 डिसेंबर 2022 रोजी नीरज दत्ता प्रकरणात निकाल दिला की तक्रारदार उलटला, हयात नसला किंवा साक्षीला येऊ शकला नाही, तरी लाचेची मागणी परिस्थितीजन्य पुराव्याने सिद्ध करता येते.

‘निनावी पत्र टाकले की पुरे.’ केंद्रीय दक्षता आयोग निनावी तक्रारींवर कारवाई करत नाही, आणि तक्रारदाराशिवाय सापळाही लावता येत नाही.

‘माहितीच्या अधिकारासाठी वकील आणि सबळ कारण लागते.’ दोन्ही लागत नाहीत. 2005 च्या कायद्यातच कारण विचारायला मनाई आहे. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत 30 दिवस, आणि विलंबासाठी माहिती अधिकाऱ्याला दररोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

‘181 वर केलेली तक्रार परस्पर बंद करतात, मग उपयोग काय?’ 2014 पासून सुरू असलेल्या मध्य प्रदेशच्या या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रारीचे चार स्तर आहेत. समाधान झाले नसेल तर तसे नोंदवावे, म्हणजे तक्रार वरच्या स्तरावर जाते. फोनवर कंटाळून ‘ठीक आहे’ म्हणणे म्हणजे ती स्वतःच बंद करणे.

‘ऑनलाइन झाले की लाच संपली.’ रांग कमी झाली, अर्जाला क्रमांक आणि तारीख मिळाली, हा मोठा लाभ आहे. पण कागदपत्रांत वारंवार त्रुटी काढून अर्ज परत पाठवण्याचा अधिकार अजून माणसाच्याच हातात आहे. त्रुटी लेखी मागावी आणि ती अन्यायाची असेल तर अपील करावे.

‘सगळेच कर्मचारी खातात.’ हे वाक्य प्रामाणिक कर्मचाऱ्याचा अपमान करते आणि भ्रष्ट कर्मचाऱ्याला आडोसा देते.

अडलेल्या कामाचा क्रम असा आहे. पूर्ण कागदपत्रांसह अर्ज आणि तारखेची पावती. मुदत उलटताच अपील. अर्ज कोणाकडे किती दिवस पडून होता, हे विचारणारा माहिती अर्ज. आणि पैशाची मागणी झाली, तर पैसे देण्याआधी लोकायुक्त. यातला प्रत्येक टप्पा कायद्याने आधीच दिलेला आहे. तो वापरला नाही, तर जे फुकट मिळायला हवे ते विकत घ्यावे लागते, आणि पुढच्या अर्जदारासाठी त्याचा भावही ठरून जातो.